मातीचे मावळे आणि त्यांचा सरंजाम

संग्रहाची हौस मनुष्यमात्राला उपजतच असते. फरक पडतो तो संग्रहाच्या वस्तूंत. कोणी नाणी जमवितो, कोणी तिकिटे, कोणी मानपत्रे. आमच्या बालपणी भिंगारच्या मुलांना वेड होते ते मातीच्या सैनिकांचे. पाश्चात्य देशांत या वेडाचा मोठा व्यापार झाला. इंग्लंडात १८९३ पासून ब्रिटन यांच्या कारखान्यातले शिशाचे पोकळ शिपाई घरोघर पोहोचले. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत ‘जी. आय. जो’ नावाचा, सांधे वळविता येणारा बाहुला निघाला. त्याचे गणवेश, बूट आणि बंदुका निराळ्या विकत घ्याव्या लागत. बाहुला एकदाच घ्यावयाचा आणि त्याचा सरंजाम मात्र पुरवीतच राहावयाचे, हे त्या व्यापाराचे मर्म!

आमच्या मावळ्याचे तसे नव्हते. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस कुंभाराच्या पाटीत पणत्या आणि बोळकी यांच्या शेजारी तो येऊन उभा राही. लाल पगडी, काळ्या मिशा आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, एवढ्यात त्याचे रूप आटोपलेले असे. तलवार हाताशी एकजीव असावयाची, आणि म्हणूनच सर्वांआधी मोडावयाची ती तलवारच! मग आम्ही त्याला नवे शस्त्र देत असू. बाभळीचा काटा ही तलवार, खराट्याचा हीर हा भाला, सोडावॉटरच्या बाटलीचे बूच ही ढाल. वर्षाकाठी दोन-तीन मावळे फुटत, चार-पाच नवे येत, आणि भुशात निजविलेली ती फौज पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर विश्रांती घेई.

या संग्रहात आमचा एक ठाम पंक्तिभेद होता. पहिला मान तोफेचा, दुसरा घोडेस्वाराचा, तिसरा पायदळाचा. गवळण, भाजीवाली, पाणक्या, जात्यावर बसलेली बाई ही चित्रे कुंभाराच्या पाटीत हटकून असत. पण त्यांना आम्ही हात लावीत नसू. कोणाकडे ती आलीच, तर चार गवळणींना एक मावळा असा अदलाबदलीचा भाव होता, आणि तोही नाखुशीने दिला जाई.

भिंगारच्या मुलांनी युद्धाशिवाय दुसरे काही खेळावे, अशी अपेक्षाच चुकीची. एका बाजूस निजामशाहीचा भुईकोट किल्ला, दुसऱ्या बाजूस लष्कराची छावणी. रणगाड्यांचे शिक्षण येथेच दिले जाते, आणि १९९४ पासून तर जुन्या रणगाड्यांचे संग्रहालयही येथे आहे. मोठी माणसेही संग्रहाच्या मोहातून सुटत नाहीत, याचे इतके वजनदार प्रमाण अन्यत्र क्वचितच सापडेल!

१९७२ ची दिवाळी दुष्काळाची होती. आदल्या वर्षीच्या युद्धावर जाऊन आलेले आमच्या आळीतले एक हवालदार तेव्हा रजेवर घरी होते. जिल्ह्यात जागोजाग खडी फोडण्याची कामे सुरू झाली होती, आणि पाण्याचा हंडा घरात आला की त्याच्याभोवती सारे घर गोळा होई. अशा दिवसांत किल्ल्याची माती भिजविण्यापुरते पाणीही आम्ही भांडी विसळलेल्या पाण्यातून साठविले. किल्ल्यावर दरसाल हळीव पेरीत असू. त्या वर्षी तो उगवलाच नाही. तरी बुरुजांवर बेचाळीस मावळे आणि तीन तोफा मांडून आम्ही हवालदारांना मोठ्या अभिमानाने पाहणीस बोलाविले.

ते उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “फौज झकास आहे रे पोरांनो. पण यांचा लंगर कुठं हाय? आन् पाणी कोण आणतं यांना?”

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तोफा कोठे आहेत, शत्रू कोणत्या बाजूने येणार, या सर्व प्रश्नांची उत्तरे आमच्याजवळ तयार होती. हा प्रश्न मात्र कोणालाच सुचला नव्हता. ते हसले नाहीत. “गोळी नसली तर माणूस दिवसभर तग धरतो,” एवढेच बोलून ते उठले.

त्या संध्याकाळी गवळणींचा भाव एकदम चढला. एका पाणक्यासाठी घोडेस्वार देण्यास मुले तयार झाली. परंतु चूल, परात, तवा, हंडा, कळशी हा खरा सरंजाम होता आमच्या थोरल्या बहिणीच्या भातुकलीत, आणि त्या भातुकलीची तर आम्ही वर्षानुवर्षे थट्टा केलेली! तिने सर्व काही दिले, पण एका अटीवर : “कोठाराची किल्ली माझ्याकडं राहील.” अट मान्य करावी लागली. त्या दिवसापासून किल्ल्यावर कोण लढणार हे आम्ही ठरवू लागलो आणि कोण जेवणार हे ती ठरवू लागली. खरा किल्लेदार कोण, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा हा प्रश्न पानोपानी भेटला. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांच्या सुरुंगाने नगरच्या तटाला भगदाड पडले आणि चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या हातातली तलवार चित्रकारांनी रंगविली. त्या रात्री दगड आणि चिखल वाहणारे हात कोणी रंगविले नाहीत. १६८१ मध्ये दक्षिण जिंकावयास निघालेला औरंगजेब १७०७ मध्ये याच भिंगारच्या छावणीत वारला. ती जागा आजही आलमगीर या नावाने ओळखली जाते. पाव शतकाहून अधिक काळ त्याच्याबरोबर केवळ सैन्य नव्हे, बाजारपेठांसह एक अख्खे शहर फिरत होते. त्या शहराला रोज सकाळी पाणी कोणी आणून दिले असेल, हा विचार बखरींच्या पानांत शिरत नाही.

इतिहासही अखेर एक संग्रहच आहे, आणि त्याच्या संग्राहकांचा पंक्तिभेद आमच्या लहानपणच्या पंक्तिभेदाहून फारसा वेगळा नाही. तोफ पुढे, गवळण मागे. आमच्या फौजेपैकी आज एकही मावळा शिल्लक नाही. कच्च्या मातीचे आयुष्य ते किती असणार! भातुकलीतला पितळी हंडा मात्र बहिणीच्या घरी अजून आहे. तलवारी मोडल्या, हंडा टिकला. यात नवल वाटण्यासारखे काही आहे, असे आता आम्हांस वाटत नाही.