पाय काढून ठिवा हितं

आमच्या इमारतीखाली टायरचं नवं दुकान आलंय. सकाळी तिथला मुलगा मशीन तापवतो आणि भाजलेल्या रबराचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. सोसायटीच्या ग्रुपवर रोज तक्रारी चालू आहेत. अर्जावर सही मागायला सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, मी टोलवलं. त्या वासाच्या वेळेला मी खिडकी उघडी ठेवून चहा पिते, हे त्यांना कसं सांगणार?

जयपूरला सवाई मानसिंह हॉस्पिटलच्या कारखान्यात हाच वास होता. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम ठोकल्याचा आवाज. माझी नडगी माझ्यासमोर ठोकली गेली. पत्रा वळवून, लाकडी मोगरीनं घाव घालत, मध्येच माझ्या धड पायाला लावून बघत. खाली रबरी पाऊल, त्याला बोटं, बोटांना नखंसुद्धा. आबा शेजारी मांडी घालून बसले होते. ट्रॅक्टरच्या वाटाघाटीत करायचे तसा चेहरा करून प्रत्येक ठोका बघत होते.

उसाच्या ट्रॉलीखाली डावा पाय गुडघ्याखालून गेला, त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तो पाय लागल्यानंतरच्या मार्गशीर्षात आम्ही पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गेलो. नोटांनी झाकलेला रथ, बैलबाजार, भेळ, गर्दी. मला काहीच बघायचं नव्हतं. मला आकाशपाळण्यात बसायचं होतं. आबांना उंचीचं भय. विहिरीच्या काठाशी उभं राहायलाही ते नको म्हणायचे. पण त्या वर्षी मला ते कशालाच नाही म्हणत नव्हते. आम्ही चढणार तेवढ्यात पाळणेवाल्यानं हात आडवा घातला. "पोरीचा पाय काढून ठिवा हितं. वर सुटला तर कुनाच्या तरी डोस्क्यात पडंल." आबांचा चेहरा उतरला. मी मात्र खाली बसून मांडीवरचा चामडी पट्टा सोडला आणि पाय त्याच्या हातात दिला. हवाई चपलेसकट.

इंजिन सुरू झालं, डिझेलचा धूर आला, आम्ही वर. आबांनी डोळे गच्च मिटलेले, एका हातात दांडी, दुसऱ्यात मी. मी खाली पाहिलं. पाळणेवाला स्टुलावर बसला होता आणि माझा पाय त्याच्या मांडीवर होता. ऊन पत्र्यावर पडून चमकत होतं. खांद्यावरच्या पंच्यानं तो बोटांमधली माती पुसत होता.

आपला पाय वरून, एवढ्या लांबून, दुसऱ्याच्या मांडीवर बघणं कुणाच्या वाट्याला येतं?

त्याच सुमाराला 'नाचे मयूरी' आला होता, 1986 साली. सुधा चंद्रनबद्दल माझी काहीही तक्रार नाही. 1981 च्या अपघातात पाय गमावून जयपूर फुटावर भरतनाट्यम करणं हे अचाट आहे. तक्रार आहे ती आमच्या गावातल्या मास्तर, सरपंच, आत्या, मामी, कंडक्टर यांच्याबद्दल. ज्याला त्याला मला सुधा चंद्रनची गोष्ट सांगायची असायची. "ती बघ कशी नाचते!" मला नाचायचं नव्हतं. पाय असतानाही मी कधी नाचले नव्हते. शाळेच्या सत्कारात एका पाहुण्यांनी तर थेट ऋग्वेदातली विश्पला काढली. लढाईत पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय बसवला आणि ती पुन्हा निघाली. पुढे कॉलेजात कळलं की काही पाश्चात्त्य पंडितांच्या मते विश्पला ही शर्यतीची घोडी होती. मला त्या पाहुण्यांना शोधून काढून हे सांगावंसं वाटलं होतं.

दुसरा राग परभारे आहे, दुसऱ्याच्या वतीनं धरलेला. जयपूर फुटाचं नाव निघालं की डॉ. प्रमोद करण सेठी. 1981 चं मॅगसेसे त्यांना, पद्मश्री त्यांना. ते मोठेच होते. पण ते पाऊल मुळात घडवलं रामचंद्र शर्मा या कारागिरानं. ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवताना बघून त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. परदेशी पायाला बूट घालावा लागायचा, त्यावर उकिडवं बसता यायचं नाही, शेताच्या चिखलात उतरता यायचं नाही. आपल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, मांडी घालून जेवायचं असतं, हे शर्मांना ठाऊक होतं, कारण ते स्वतः तसेच राहत होते. टायरवाल्याच्या विरोधात मी सही का करत नाही, त्याचं खरं कारण बहुधा हे असावं.

हल्लीचा माझा पाय वेगळा आहे. सिलिकॉनचा लायनर, त्याच्या टोकाला खाचांची पिन. उभं राहून भार दिला की पिन सॉकेटमधल्या कुलपात टक टक करत उतरते. सगळे टक ऐकू आले की मी निघते. सकाळी घट्ट असलेलं सॉकेट दुपारपर्यंत सैल होतं, कारण स्टंप दिवसभरात आकसतो. मग एक मोजा वाढवायचा. मे महिन्यात लायनरच्या आत घाम साठतो आणि चालताना पाय आत वर-खाली सरकतो. लोकांना वाटतं, रोलर कोस्टर म्हणजे माझ्यासाठी केवढं धाडस. धाडस म्हणजे बाथरूममधली ओली फरशी. एसटीची पहिली पायरी. लग्नाच्या हॉलमध्ये गुळगुळीत ग्रॅनाइटवर सांडलेलं पन्हं. ही सगळी भीती फुकटची आणि ती माझी मला निस्तरावी लागते. राइडवर मात्र मी पैसे मोजून भीती विकत घेते आणि ती सांभाळायचं काम दुसऱ्याचं असतं. छातीवर दांडा आला, कुलूप लागलं की माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही. पावलं कुठं टाकायची हे न बघता मी एवढा वेळ दुसरीकडे कुठंच नसते. शेजारी बसलेल्या धडधाकट माणसाच्या पायांनाही तिथं काही काम नसतं, ते नुसते लोंबकळतात.

आणि खाली पडताना माझ्या डाव्या पायाचा अंगठा आवळला जातो. नसलेला. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं 1871 मध्ये या प्रकाराला नाव दिलं, फँटम लिंब. एरवी तो अंगठा रात्री-अपरात्री ठणकतो, गोळ्या घ्यायला लावतो. राइडवर तोच अंगठा गुदगुल्या झाल्यासारखा वळतो. त्याच्याकडून मिळालेलं एवढंच एक सुख, म्हणून मी ते वसूल करते.

पाळण्याचा इतिहास शोधायला गेले तर बहुतेक ठिकाणी 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनातलं जॉर्ज फेरिसचं चाक भेटतं. 36 डबे, एकेकात 60 माणसं. मला त्याआधीचा एक गृहस्थ जास्त आवडला. पिएत्रो देला वाल्ले, रोमचा. 1615 मध्ये तो इस्तंबूलला सणाच्या गर्दीत अशाच एका मोठ्या चाकात बसला आणि ते त्याला भलतंच आवडलं. पुढे हा 1623 मध्ये गोव्यात येऊन गेला. तेव्हा त्याच्या सामानात एक शवपेटी होती. इराणात वारलेल्या बायकोचा टिकवलेला देह तो कित्येक वर्षं मुलूखभर बरोबर वागवत होता, रोमला नेऊन पुरेपर्यंत. याचा माझ्या विषयाशी काय संबंध, ते मला नीट सांगता येत नाही. पण शरीर सामान म्हणून बरोबर नेणाऱ्या माणसाला पाळण्याची हौस असावी, हे वाचून मला बरं वाटलं.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पार्कात मला राइडवर चढू दिलं नाही. उन्हात रांग लावून वर पोचले. पायाखाली तळ नसलेली गाडी होती, म्हणून पाय काढून भाचीच्या हातात दिला. तो बघताच तिथल्या मुलानं वॉकीटॉकी काढली. मॅनेजर आला. पॉलिसी आहे, मॅडम. माझी मांडी शाबूत, गुडघा माझा स्वतःचा, दांडा जिथं बसतो ते सगळं जागेवर. म्हटलं, लिहून देते. नाही. पाय सलवारीत झाकून तसाच ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो सुटून खाली कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून काढला, तर मीच बाद. बाहेरच्या जिन्यानं उतरताना मागून गाडी सुटल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाचा राग अजून गेलेला नाही.

पण त्या मॅनेजरला मूर्ख म्हणायला गेले की डॅरियन लेक आठवतं. न्यूयॉर्क राज्यातला पार्क, जुलै 2011. इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक तिथल्या उंच रोलर कोस्टरवरून फेकला गेला आणि गेला. दोन्ही पाय असल्याशिवाय बसवायचं नाही असा त्या राइडचा नियम होता. चालवणाऱ्यांनी त्याला बसू दिलं. मांडीवरच्या दांड्याला धरून ठेवायला पुरेसं काही नव्हतं. त्यांना कदाचित नाही म्हणवलं नसेल, सैनिकाला कोण नाही म्हणणार? तेव्हा नियम हवेतच. फक्त नियम लिहिणाऱ्यानं पाय कुठून गेलाय एवढं विचारावं. गुडघ्याखालून आणि मांडीतून यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथं सगळ्यांना एकच पाटी.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड नावाचा पार्क 2010 मध्ये सुरू झाला. व्हीलचेअरसकट चढता येईल असं मेरी-गो-राउंड तिथं आहे, अपंगांना प्रवेश मोफत आहे. असा एखादा आपल्याकडे व्हावा आणि मी तिथं जाऊ नये, असं मला वाटतं. तिथं सगळं हळू आणि प्रेमळ असणार. मला किंचाळायचं असतं.

पुसेगावचा तो माणूस पुन्हा डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्या फेरीला आम्ही वर पोचलो तेव्हा त्यानं माझा पाय उभा धरून स्वतःच्या नडगीला लावला होता, मापाला लावतात तसा. मग मान हलवली. काय ताडून बघितलं त्यानं? उतरल्यावर त्यानं पाय दिला, चपलेचा तुटत आलेला अंगठा तारेनं बांधलेला होता. आबांनी त्याला जादा पैसे देऊ केले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, त्यानं कुटं तिकीट फाडलंय." एवढं सोपं बोलणं मग फार वर्षं कुणाकडून ऐकलं नाही. आबा एसटीत बसेपर्यंत हसत होते. ते गेल्याला बराच काळ झाला. पण त्यांचं हसणं आठवायचं म्हटलं की मला तेच आठवतं.

या दिवाळीत आईला एका पार्कात घेऊन गेले. तिला नुसतं बघायचं होतं म्हणे. पण रांगेत ती माझ्या पुढे उभी. गेटवर मुलीनं वय विचारलं, बीपीच्या गोळ्या विचारल्या आणि तिला बाजूला काढलं. मला मात्र पाय कुठून आहे ते विचारून, दांडा लावून, हलवून बघून आत घेतलं. आई तिथंच कडाडली, "हिला एक न्हाई तर बसवताय, अन् माझं दोन्ही धड हायती तरी न्हाई?" रांगेतली पोरं हसायला लागली. शेवटी पाय तिच्याकडे सोपवून मी गेले.

परत आले तर ती बाकावर, पाय शेजारी उभा. सॉकेटमध्ये पाण्याची बाटली ठेवलेली, अगदी मापात बसली होती. शिवाय खाऱ्या दाण्यांची पुडी. एक दाणा आत तळाशी, पिनच्या कुलपात जाऊन अडकला होता. तो निघेपर्यंत पाय लागेना. मी हेअरपिननं कोरत बसले आणि आई वरून सूचना देत होती. मी चिडले, की लाखाच्या वर किंमत आहे याची, यात दाणे काय टाकतेस?

"मग पुढच्या येळी माळ्यावरचा जुना आन," ती म्हणाली. "ह्यो म्हागाचा मी न्हाई राखत बसायची. आन् त्या पानी उडतंय तिकडं वयाचं इचारत्यात का, बघून ये."