सिर्ता गावचा पंचनामा

चि. सायली,


तुझं पत्र पोचलं. सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला आणि त्याच्यामागोमाग सगळं रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं, एवढंच शाळेत शिकवलं आणि ते काही पटत नाही, असं तू लिहिलंस. पटू नयेच. कॉन्स्टंटाइनने रोमजवळची लढाई जिंकली ३१२ साली आणि पुढच्याच वर्षी ख्रिस्ती लोकांना उघडपणे धर्म पाळायची मोकळीक मिळाली, हे खरं. पण तोवर हा धर्म जवळजवळ तीनशे वर्षं राजाश्रयाशिवाय, मधूनमधून छळ सोसत वाढत होता. रॉडनी स्टार्क नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अंदाज बांधला आहे की इ.स. ४०च्या सुमाराला हजारभर ख्रिस्ती धरले आणि दर दहा वर्षांत ४० टक्के वाढ धरली, तर ३०० सालापर्यंत ते साठ लाखांच्या घरात जातात, म्हणजे साम्राज्याचा साधारण दहावा हिस्सा. हे नुसतं गणित आहे. पण त्यातून एक गोष्ट नीट कळते. एवढी वाढ व्हायला लाखोंच्या धर्मांतराचे सोहळे लागत नाहीत. शेजारणीने शेजारणीला, बायकोने नवऱ्याला, मालकिणीने मोलकरणीला आणि मोलकरणीनेही मालकिणीला सांगत राहणं पुरतं.

मग लोक आत का येत होते? याचं उत्तर मला धर्मग्रंथांपेक्षा एका सरकारी पंचनाम्यात जास्त सापडतं.

उत्तर आफ्रिकेत सिर्ता नावाचं शहर होतं, आताच्या अल्जीरियात. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला की ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या जागा पाडा, धर्मग्रंथ जप्त करून जाळा. १९ मे रोजी सिर्ताचा अधिकारी कारकून आणि शिपाई घेऊन ख्रिस्ती लोक जमत त्या घरी गेला. बिशप पॉल तिथेच होता. त्याने ग्रंथ दिले नाहीत, ते प्रार्थनेत वाचून दाखवणाऱ्या वाचकांकडे असतात म्हणाला. पण घरातल्या वस्तू मुकाट्याने पुढे केल्या. कारकून एकेक लिहून घेत गेला. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, चांदीचे सात दिवे, साखळ्यांसकट पितळी दिवे अकरा. इथवर कुठल्याही देवस्थानाच्या जप्तीत असावं तसंच आहे. पण त्यापुढे वाच: बायकांचे झगे ८२, डोक्यावरून घ्यायची वस्त्रं ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७.

मग शिपाई जेवणाच्या दालनात शिरले. तिथे मोठमोठे रांजण आणि पिंपं निघाली.

सायली, ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ त्या ४७ जोड्यांपाशी थांबलो होतो. हे कपडे गोरगरिबांना वाटायचे असणार, आणि त्यातही विधवांना, असं मला वाटतं. नाहीतर बायकांचे झगे पुरुषांच्या पाचपट का असावेत? रोममधला पुरावा याला जुळतो. २५१ साली तिथला बिशप कॉर्नेलियस दुसऱ्या बिशपला लिहितो की आमच्या मंडळीच्या जिवावर दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजू पोसले जातात. त्या काळची विधवा कशी अडकलेली असे बघ. ऑगस्टसच्या वेळच्या कायद्याने तिने दोन वर्षांत पुन्हा लग्न करायचं, नाहीतर वारशाचे हक्क कापले जायचे. आपल्याकडच्या जुन्या रूढीच्या नेमकं उलट, पण सक्ती ती सक्तीच. ख्रिस्ती मंडळीत मात्र एकटी राहू इच्छिणाऱ्या विधवेला मान होता, आणि अन्नवस्त्रही.

एकमेकांना मदत करणारे संघ रोमन जगात आधीपासून होते. लॅन्युवियम गावच्या एका संघाचे १३६ सालचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत: प्रवेशाला १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक बुधला, मग दरमहा वर्गणी, आणि मेल्यावर अंत्यविधीला ३०० सेस्टर्स. वर्गणी थकली की हक्क गेला. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन इ.स. १९७च्या सुमाराला ख्रिस्ती मंडळींच्या पेटीबद्दल सांगतो, ती वेगळी होती. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं घालायचं. त्यातून अनाथ मुलं, म्हातारे झालेले गुलाम, जहाज फुटून उघड्यावर पडलेले, खाणीत सक्तमजुरीला धाडलेले, यांचं बघायचं. घालणारा आणि घेणारा एक असायलाच हवा असं नव्हतं.

आता तुझ्या रुग्णसेवेच्या कामातलं. २५०च्या आसपास साम्राज्यात एक भयंकर साथ आली आणि दहा-बारा वर्षं रेंगाळली. कार्थेजच्या बिशप सिप्रियनने लक्षणं लिहून ठेवली आहेत: जुलाब, ताप, न थांबणारी उलटी, रक्ताळलेले डोळे. लोक घरच्याच आजाऱ्यांना जीव असतानाच रस्त्यावर टाकून पळत होते, आणि आमची माणसं त्यांच्यापाशी बसून सेवा करता करता स्वतः मेली, असं अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस लिहितो. तो स्वतःच्या लोकांची बाजू मांडणार, हे धरून चालू. तरी इतिहासकार विल्यम मॅकनीलने १९७६ साली मांडलेला मुद्दा तुला माझ्यापेक्षा लवकर पटेल. औषध काहीच नसताना वेळेवर पाणी, पेज आणि स्वच्छता एवढ्यावरसुद्धा बरेच रोगी तगतात. म्हणजे साथ सरल्यावर ख्रिस्ती घरांत जिवंत माणसं जास्त उरली असणार. आणि ज्या शेजाऱ्याला त्यांनी पाणी पाजलं, तो बरा झाल्यावर कुणाच्या दारी गेला असेल?

त्यांना आजच्या अर्थाने समाजसेवक समजू नकोस. ख्रिस्ती घरांतही गुलाम होते आणि गुलामगिरी मोडावी असं त्या मंडळींना एकूण वाटत नव्हतं. उपाशी माणसाला घास दिला तो प्रत्यक्ष ख्रिस्ताला दिला, आणि मेलेला पुन्हा उठणार आहे, यावर त्यांचा शब्दशः विश्वास होता. तो विश्वास बाजूला काढला तर साथीत रोग्याजवळ बसायला इतकी माणसं आली नसती, असं माझं ठाम मत आहे. पुढे ३६१ साली गादीवर आलेल्या ज्युलियनने जुने देव परत आणायचा प्रयत्न केला. त्याच्या नावाने जपलेल्या एका पत्रात तो पुरोहिताला बजावतो की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, तेव्हा गावोगाव धर्मशाळा काढा. शत्रूनेच हे लिहावं, याला मी फार वजन देतो.

पण सिर्ताची गोष्ट इथे संपत नाही. तो पंचनामा आपल्यापर्यंत आला तो ३२० सालच्या एका खटल्यामुळे. तेव्हा कॉन्स्टंटाइनचं राज्य होतं, शहराला त्याचंच नाव मिळालं होतं. जप्तीच्या दिवशी सिल्वानस नावाच्या एका सेवकाने चांदीची पेटी आणि दिवा शोधून शिपायांच्या हाती दिला होता. हाच सिल्वानस आता तिथला बिशप होता आणि त्याच्याच हाताखालच्या डीकनने त्याच्यावर आरोप केले होते. पहिला आरोप त्या वस्तू शिपायांना दिल्याचा, आणि त्यासाठी जुना पंचनामा पुरावा म्हणून कोर्टात वाचला गेला. दुसरा आरोप पैशाचा होता. लुसिल्ला नावाच्या श्रीमंत बाईने ४०० पिशव्या नाणी दिली होती, कार्थेजला तिच्या मर्जीतला बिशप निवडून यावा म्हणून. दाखवायला मात्र ती गरिबांसाठी होती. साक्षीदारांना विचारलं, त्यातलं गरिबांना काही मिळालं का? काही नाही. म्हाताऱ्या बायकांना? त्यांनाही नाही. पैसे बिशपांनी आपसांत वाटून घेतले होते. सिल्वानस हद्दपार झाला.

राजाश्रयाने हा धर्म मोठा झाला असं म्हणणाऱ्यांना मी जप्तीचा पंचनामा आणि या खटल्याची नोंद, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला सांगतो. या खटल्याचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे. दिवाळीत तुला रजा मिळाली तर ये, आपण बसून सगळं वाचू. काही साक्षींबद्दल मला तुझं मत हवं आहे. रात्रपाळी संपली की नीट जेवत जा.

तुझा,
मामा