गजानन ठेवायचं की नाही?

अकोला

चि. ताई,

तुझ्या सासूबाईंनी शेगावला नवस बोलला, म्हणून बाळाचं नाव गजाननच हवं. जावईबापूंना ते जुनाट वाटतं. निवाडा माझ्याकडे आला तो मी स्वतः गजानन आहे म्हणून!

एरवी गजानन म्हणजे गणपती. पण आपल्या वऱ्हाडात हे नाव ठेवताना डोळ्यांपुढे येतं ते शेगाव. २३ फेब्रुवारी १८७८ ला तिथे देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक दिगंबर तरुण बंकटलाल अग्रवालांच्या नजरेस पडला. त्यानं गाव, कूळ, नाव काहीच सांगितलं नाही. तोंडी सारखं ‘गण गण’ चालायचं, म्हणून कुणी गिणगिणेबुवा म्हणे. पुढे लोकांनीच त्यांना गजानन महाराज केलं. १९१० च्या ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली आणि वऱ्हाडात गजाननांचं पीक आलं. आमच्या वर्गात मोठा गजू, काळा गजू आणि पोस्टातल्यांचा गजू होता. मैदानावर कुणी ‘काऊन बे गज्या?’ म्हणून ओरडलं की तिघं-चौघं वळून पाहायचे. गजानन किराणा, गजानन मेडिकल तर तू रोजच पाहतेस.

जावईबापूंना एवढंच सांग, की या नावाची माणसं एका साच्यातली नाहीत. गजानन जागीरदार १९०७ साली तुमच्या अमरावतीतच जन्मले. ‘रामशास्त्री’ चित्रपटात पेशव्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश त्यांनी उभा केला, पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्रमुख झाले. गजानन माडखोलकरांनी नागपुरात ‘तरुण भारत’ चालवला, कादंबऱ्या लिहिल्या. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलत. मोठे कवी झाले ते हिंदीत, आणि त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला तो १९६४ साली ते गेल्यावर. ‘गीतरामायण’वाले ग. दि. माडगूळकरही गजाननच. एक नट, एक संपादक, दोन कवी, आणि त्या कवींचंही एकमेकांशी काही जुळत नाही. नाव जुनाट असतं, तर चौघं चार वाटांनी गेले नसते.

आता सासूबाई. त्यांचा नवस मोडू नका. बाळाला घेऊन शेगावला जा, दर्शन घ्या, चार माणसांना पिठलं-भाकरी घाला. पण नाव दुसरं ठेवलं तर महाराज कोपतील, ही भीती त्यांच्या मनातून काढ. ज्यांनी स्वतःचं नाव जन्मभर कुणाला सांगितलं नाही, ते एका लेकराच्या नावावरून कशाला रुसतील?

मला विचारशील तर ठेवा गजानन. धाकानं मात्र नको. दोघांना आवडलं तरच. आणि ठेवलंत तर चारचौघांतही पूर्ण नावानं हाक मारा, घरातल्या घरात लपवू नका. बारशाला मी येतोच आहे.

तुझा,
गजामामा