मिनिआपोलिसच्या परसांतील हायड्रेंजिया

आमचे चिरंजीव अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतीं, मिनिआपोलिस नगरांत राहतात. गेल्या वैशाखांत आम्ही तेथें गेलों, तेव्हां बर्फ विरून परसांत गवत नुकतें डोकें वर काढीत होतें. हिंवाळ्यांत एखाद्या रात्रीं येथें पारा शून्याखालीं २५ अंशांपर्यंत उतरतो, हें ऐकून आमच्या पुणेरी अंगावर उन्हांतच कांटा उभा राहिला.

परसांत हायड्रेंजियाचें एक झुडूप होतें. (नांवाचा अर्थ जलपात्र, फळाच्या आकारावरून तें पडलें. त्यांतील ग्रीक 'हुडोर' आमच्या 'उदका'चाच सगोत्री.) आमच्या कैलासवासी कुटुंबास उटकमंडास पाहिलेले त्याचे निळे झुबके फार आवडले होते, तिच्या स्मरणार्थ सूनबाईनें तें लाविलें. चार वर्षें पानें भरघोस, फूल मात्र एकही नाहीं. "बाबा, माझ्या हातालाच यश नाहीं," असें ती म्हणाली.

दोष हाताचा नव्हता. विकणाऱ्यानें रंग दाखविला, प्रकृति सांगितली नाहीं. ही रुंद पानांची जपानी जात पुढील वर्षाच्या कळ्या आदल्या शरदांतच फांदीच्या टोकाशीं धरते. थंडींत त्या मरतात; वसंतांत मुळांतून येतात ते कोंब नुसत्या पानांचे. नव्या फांदीवरही फुलणारा तिचा एक वाण शेजारच्या सेंट पॉल येथेंच सांपडला व २००४ सालीं बाजारांत आला. परंतु कडक हिंवाळ्यानंतर त्याचाही बहर बेताचाच.

मग उरल्या दोन जाती. त्या नव्या फांदीवरच फुलतात, म्हणून पान फुटण्यापूर्वीं खुशाल छाटाव्या. शून्याखालीं ३५ अंशही त्या सोसतात. पहिली अमेरिकेच्या रानांतील. तिचा 'ॲनाबेल' हा वाण इलिनॉय प्रांतांतील ॲना या गांवाजवळ १९१० च्या सुमारास सांपडला. फुलें मोठीं, पण पाऊस पडला कीं माना टाकतात. दुसरी चीन-जपानकडील, शंक्वाकृति तुऱ्यांची. काष्ठ बळकट, ऊन प्रिय, तुरा प्रथम पांढरा आणि पुढें गुलाबी. आमचा कौल हिला.

अडचण एकच: या दोहोंपैकीं कोणतीही निळी होत नाहीं. आम्लधर्मी मातींतील ॲल्युमिनियम शोषून निळें होण्याची विद्या त्या जुन्या झुडपाच्या जातीची. सूनबाई बराच वेळ बोलली नाहीं. अखेर कोपऱ्यांत तुऱ्याचें झाड लागलें, आणि जुनें मुळांसकट खणून कुंडींत गेलें. आश्विनांत, आम्ही निघण्यापूर्वीं, पानें झडल्यावर ती कुंडी मोटारखान्यांत नेली. तेथें ऊब नाहीं, पण बाहेरचा मारक गारठाही पोहोंचत नाहीं. महिन्यांतून एकदां पाणी घालण्याचें काम नातीनें पत्करलें आहे.