मावशींच्या फोनवरची अळी

चूक माझीच होती, म्हणून सांगतो.

२०१८ साली कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि पाहता पाहता आपल्याकडेही आली. पुढच्या खरिपात मी तिचा झकास फोटो काढला. तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी मी इंटरनेटवर माहितीचे पान चालवतो, त्यावर टाकला. पुतण्याच्या नव्या फोनवर अळीच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. मी खूश!

आठवड्याने एका वस्तीवर गेलो. मावशींनी जुना फोन पुढे केला.

"साहेब, तुमचं पान उघडतंय, पण फोटोच्या जागी नुसतं चाक फिरतंय."

तोवर त्यांच्या मक्याच्या पोंग्यात विष्ठेचा भुसा साचला होता. अळी लहान असताना फवारणी लागू पडते. मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. अर्धा एकर मका गेल्यात जमा होता. मला मान वर करवेना.

घरी येऊन हिशेब मांडला. माझा फोटो ४००० ठिपके रुंद, ३००० उंच, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. मावशींचा पडदा जेमतेम ४८० ठिपके रुंद. त्यावर मावणारा फोटो पावणेदोन लाखांत बसतो. सुमारे सत्तरपट ओझे मी त्या फोनवर लादले होते, तेही वस्तीवरच्या तोळामासा रेंजमध्ये!

मग रागाने फोटो ४८० वर आणला. मावशींकडे झटकन उघडला, पण पुतण्याच्या १०८० रुंदीच्या पडद्यावर ताणून धुरकट झाला. आणि अळी ओळखायची ती बारीक खुणांवरूनच: डोक्यावर उलटा 'वाय', शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके.

शेवटी आधी कात्री लावली. पाने, बांध, माझा अंगठा, सगळे छाटून अळी तेवढी ठेवली. तिच्या दोन प्रती केल्या, ४८० ची आणि १०८० ची. पुतण्याने अशी सोय केली की ज्याचा पडदा जसा, तशी प्रत त्याचा फोन आपणच उचलतो. मोठी प्रत जरा जास्त दाबली. बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर ते डोळ्याला कळत नाही. मूळ फोटो मात्र जपून ठेवला आहे. लहान केलेल्यातून मोठा पुन्हा निघत नाही.

पुढच्या हंगामात मावशींनी फोटो उघडला, पोंगा उकलला आणि नखाएवढी अळी तळहातावर घेतली.

"वाय कसला साहेब, ही तर उलटी बेचकी!"

फवारणी त्याच संध्याकाळी झाली. पानावर मी आता बेचकीच लिहिले आहे.