३५ सेंटांचा अर्ज

१६ मे २०२०, कोलंबस, ओहायो

काल प्रतिनिधिगृहात ‘हीरोज ॲक्ट’ २०८ विरुद्ध १९९ मतांनी पास झाला. तीन लाख कोटी डॉलरचं कोरोना-मदतीचं विधेयक, त्यात टपालखात्यासाठी २५ अब्ज. जावई म्हणाले, “आई, आता घोडं सिनेटमध्ये अडणार.” मार्चमध्ये विमानं बंद झाली तशी मी इथेच अडकून पडले आहे, त्यामुळे या घरातलं राजकारण आता मलाही तोंडपाठ झालंय.

लेक आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलंय की राज्याच्या दोन्ही सिनेटरांना पोस्टकार्डं धाडायची. शेरॉड ब्राउन डेमोक्रॅट, ते अनुकूलच आहेत. खरं गाठायचं ते रिपब्लिकन रॉब पोर्टमन यांना. “तू जन्मभर पोस्टात सॉर्टिंग केलंस, पत्ते तूच घाल,” असं म्हणून लेकीने गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

२० मे

आधी मापं घेतली. कार्ड सव्वाचार इंच बाय सहा इंच यापेक्षा मोठं झालं की ३५ सेंटांचं तिकीट चालत नाही, पाकिटाचे ५५ पडतात. मैत्रिणींनी आणलेली हौसेची मोठी कार्डं बाजूला काढली. तिकिटं मात्र सुरेख आहेत, त्यांवर प्रवाळांची चित्रं आहेत.

मग मजकूर. लेकीने बेकारभत्ता, भाडं, चाचण्या, टपाल असं सगळं एकाच कार्डात कोंबलं होतं. “अगं, हे वाचणार कोण? कचेरीतला एखादा पोरगा विषय बघून गठ्ठे करणार आणि या बाजूने इतकी, त्या बाजूने इतकी असा आकडा वर देणार. चार मागण्या लिहिल्यास तर कुठल्या गठ्ठ्यात जाशील?” एक मागणी, आपल्या घरातलं एक कारण, नाव आणि झिप कोडसकट पत्ता. पत्ता नसला तर आपल्याच राज्याची मतदार आहे हे त्याला कळायचं कसं? मी व्हिसावरची पाहुणी, सही करत नाही.

२ जून

वॉशिंग्टनच्या पत्त्यावर घालू नका, कोलंबसच्या कचेरीत पाठवा, असं लेकीच्या मैत्रिणीने सांगितलं. कारण ऐकून बसल्या जागी थबकले. २००१ मध्ये ॲन्थ्रॅक्सची भुकटी भरलेली पाकिटं सिनेटरांच्या नावाने आली होती. ती ज्या टपाल केंद्रातून गेली, त्या वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड केंद्रातले दोन कर्मचारी दगावले. पाकीट हातात घेणं एवढंच त्यांचं काम, माझं होतं तेच. तेव्हापासून काँग्रेसची पत्रं किरणांनी निर्जंतुक होऊन जातात आणि उशिराने पोचतात.

१५ ऑगस्ट

बेकारांना दर आठवड्याला मिळणारे जादा ६०० डॉलर जुलैअखेर बंद झाले, नवा कायदा नाही. जूनमध्ये आलेले पोस्टमास्टर जनरल लुई डीजॉय यांच्या काळात ओव्हरटाइमला कात्री लागली, सॉर्टिंगची शेकडो यंत्रं निघाली, निळ्या पत्रपेट्या उचलल्या गेल्या. टपाल वाचवा म्हणून टपालानेच पाठवायचं, आणि ते टपालच रखडलेलं!

शेजारचे आजोबा व्हिएतनामच्या लढाईत होते. माजी सैनिकांना त्यांच्या सरकारी खात्याकडून मिळणारी सुमारे ८० टक्के औषधं टपालाने घरी येतात, यांचीही तशीच. ओट्यावर लांब बसून त्यांनी कार्ड लिहिलं. हात कापत होता, अक्षरं उजवीकडे उतरत गेली. पहिलं वाक्य : मी तुम्हाला मत दिलं आहे. दुसरं : माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या टपालाने येतात. तिसऱ्यात मागणी. खाली पलटणीचं नाव. लेकीच्या अख्ख्या गठ्ठ्यापेक्षा हे एक कार्ड जड आहे. आपल्या मताची माणसं रोज लिहितात, आपल्याच मतदाराने कान धरला की कचेरी सावध होते.

२२ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. नातीने मातीचा गणपती केला, पूजा व्हिडिओवर साताऱ्याच्या गुरुजींनी सांगितली. शनिवार असूनही प्रतिनिधिगृह बसलं होतं. टपालासाठी २५ अब्ज आणि यंत्रं-पेट्यांना हात लावू नका असं विधेयक २५७ विरुद्ध १५० मतांनी पास झालं, २६ रिपब्लिकनांसह. बदल निवडणुकीनंतरपर्यंत थांबवू, असं डीजॉय यांनी मंगळवारीच जाहीर केलंय. काढलेली यंत्रं मात्र परत बसवणार नाही, हे काल सिनेटच्या समितीपुढे सांगून मोकळे झाले.

२४ ऑगस्ट

आज प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे डीजॉय यांची सुनावणी. समितीतल्या केटी पोर्टर यांनी विचारलं, पाकिटाच्या तिकिटाची किंमत किती? ५५ सेंट, बरोबर सांगितलं. आणि पोस्टकार्डाची? ठाऊक नाही म्हणाले. आमच्या पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या नव्या पोरीलाही पहिल्या दिवशी दर पाठ असावे लागत. मी टीव्हीसमोरच हात जोडले.

२९ डिसेंबर, सातारा

लेकीचा फोन. परवा रविवारी ट्रम्प यांनी सही केली. ९०० अब्जांचा मदत कायदा झाला. त्यात टपालखात्याला मार्चच्या कायद्याने दिलेलं १० अब्जांचं कर्ज आता फेडायचं नाही. ऑगस्टचं विधेयक सिनेटने विचारात घेतलंच नाही. मागितले २५, मिळाले १०. पदरात पडलं ते पवित्र म्हणायचं.

“आपल्या कार्डांमुळे झालं का गं?” तिने विचारलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसंही असेल. पण फांदीवर कावळे किती बसलेत, हे कचेरीतला पोरगा मोजतो हे नक्की. मोजणीत आपण नसलो, तर आपल्याला चालतंय असाच त्याचा अर्थ लागतो.

टपालखात्याच्या तोट्याचं मोठं कारण तर तसंच आहे : निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची तरतूद आगाऊच करून ठेवा, असं बजावणारा २००६ चा कायदा. स्वतः पेन्शनवर जगते, तरी अशी अट मी कुठल्या खात्यावर ऐकली नाही. ती काढा म्हणून पुढचं कार्ड लिही, असं तिला सांगितलं. आजोबांनाही सांग म्हटलं, ते आधीच लिहायला बसलेत म्हणे.