खुर्च्या मागायला जा

खोपट, ठाणे
आगमनकाळाचा दुसरा आठवडा

चि. बाळ यास,


तुझं पत्र आणि सोबतचा चार पानी आराखडा मिळाला. ब्लँकेटवाटप, शाळेची दप्तरं, आरोग्य शिबिर, क्रिकेटचे सामने, प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा आणि तळाशी बेरीज. पंच मंडळ खूश होईल, मंजूरही करेल. पहिल्याच वर्षी पाळकाने एवढं बांधून आणावं याचं मला कौतुक वाटलं. पण एक खटकलं. वस्तीला आपण काय काय देणार ते सगळं त्यात आहे. वस्तीकडे आपण काय मागणार, याला मात्र एक ओळसुद्धा नाही.

हसू नकोस. मागण्याबद्दलच लिहायला बसलेय.

तू लहानपणी पाहिलेली आमची मंडळी आता तशी राहिली नाही. वागळे इस्टेट १९६२ साली उभी राहिली, त्यानंतर नगर-जालन्याकडची आपली माणसं कारखान्यांत लागली. तुझे काकाही त्यातलेच. खोपटच्या चाळींतून तेव्हा रविवारी उपासनेला चालत यायची माणसं. पुढे कारखाने बंद पडत गेले, ठाण्यातल्या जागा परवडेनाशा झाल्या, आणि पोरं डोंबिवली, दिवा, बदलापूर अशी लाईनीने पांगली. आता आमच्या पंच मंडळाच्या सभेत पहिला विषय हिशेबाचा नसतो, मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकचा असतो. ब्लॉक बहुतेक अकराच्या सुमाराला लागतो. संदेश जरा लांबला की डोंबिवलीकर घड्याळाकडे बघायला लागतात आणि पाळकसाहेब आशीर्वाद घाईत उरकतात. स्वतःची इमारत नाही, भाड्याचा हॉल. साडेदहानंतर तिथे कुणाचं बारसं नाही तर साखरपुडा ठरलेला, केटररची पातेली दारात येऊन थांबलेली.

नाताळला मात्र झाडून सगळे येतात आणि खुर्च्या कमी पडतात. आमचे सेक्रेटरी दरवर्षी डेकोरेटरकडून भाड्याने आणायचे. एका वर्षी त्याला लग्नाचं मोठं काम मिळालं आणि त्याने चोवीस तारखेला हात वर केले. काका उठले आणि गल्लीच्या तोंडाशी गणेशोत्सव मंडळाची जी खोली आहे तिथे जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं त्या खोलीवरून आम्ही कॅरल गात गेलो होतो, आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. पोरं कॅरम खेळत होती. काकांनी विचारल्यावर त्यातला एक म्हणाला, "काका, एवढंच ना? मागायला इतकी वर्षं कशाला लावली?"

लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठीवर पांढऱ्या ऑईलपेंटने मंडळाचं नाव, आणि एकेका रांगेतून ते नाव गव्हाणीच्या देखाव्यासमोर उमटलेलं. मागच्या बाकावरचे एक जुने वडीलधारे कुरकुरले. त्यांना पाळकसाहेबांनी काय सांगितलं ते मला अजून आवडतं. जन्माला गव्हाण परक्याची, उपदेशाला होडी पेत्राची, यरुशलेमात शिरायला गाढव मागून आणलेलं, शेवटच्या भोजनाची माडी दुसऱ्याची, आणि कबरसुद्धा योसेफाची. आपला प्रभू जन्मभर उसन्यावर राहिला, मग आपल्याला दोनशे खुर्च्यांची लाज कसली?

पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय तेव्हा काढला नाही, पण तुझ्या कामाचा तोच आहे. शोमरोनी बाई विहिरीवर येते. तिला प्रभू आधी काय देतो? काहीच नाही, पाणी मागतो. भर दुपारी, परजातीच्या बाईकडे. तिच्याशी पुढचं सगळं बोलणं त्या मागण्यातून निघतं. सेमिनरीत तुम्हाला यावर बरंच शिकवलं असेल, मी नर्स म्हणून बघते. वॉर्डात नवा पेशंट तोंड उघडत नसेल तर आम्ही त्याला त्याच्या आजाराचं विचारत बसायचो नाही. जरा ही बाटली धरा, म्हणायचो. हातात काम आलं की माणूस बोलतो.

खुर्च्या आम्ही सव्वीसला धुऊन परत केल्या. एकीचा पाय मोडला होता, त्याचे पैसे सेक्रेटरींनी पुढे केले, ते मंडळाने घेतले नाहीत. उलट पुढच्या अनंत चतुर्दशीला तीच पोरं माझ्या दारात. विसर्जनाच्या रात्री तलावपाळीच्या बाजूला प्रथमोपचाराचं टेबल लावतोय, मावशी बसाल का? आमच्यात यावर बरीच वादावादी झाली. मी बसले. ढोल वाजवून फोड आलेले तळवे आणि अनवाणी पायांत घुसलेल्या काचा, यापलीकडे त्या टेबलावर रात्रभर धर्माचा विषय निघाला नाही. आता दरवर्षी बसते.

तुला वाटेल मावशी सलोख्याच्या गोष्टी सांगतेय. माझा मुद्दा त्याहून रोखठोक आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना फक्त देता येतं, आणि नुसतं देणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. त्यात त्यांची चूक नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात मिशनरी लोकांनी माणसं जगवली हे खरंच आहे. पण त्यानंतर मंडळ्या झपाट्याने वाढल्या आणि पोटासाठी धर्म बदलला हा टोमणा आपल्या आजी-पणजीला जन्मभर ऐकावा लागला. देणाऱ्याचा हात वर राहिला, घेणाऱ्याची मान खाली. पंडिता रमाबाईंनी केडगावला हे ओळखलं होतं, असं मला वाटतं. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी नुसतं जेवू घातलं नाही, शेत, माग, छापखाना त्यांच्या हातात दिला. बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं.

टिळकांचं उदाहरण तर आपल्या घरातलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. दोनच वर्षांनी टिळक वारले आणि तो प्रयोग फार चालला नाही. पण लक्षात घे, हा माणूस वारकऱ्यांकडून अभंग मागून आणत होता, कीर्तन मागून आणत होता. तुकोबांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. आज आपण रविवारी टिळकांची पदं म्हणतो तेव्हा त्या चाली आणि ते छंद कुणाकडून आले हे कुणाला आठवतही नाही, इतकं ते उसनं अंगी लागलंय.

ठाण्याचं म्हणशील तर इथली गोष्ट याहून जुनी. ओदोरिक नावाचा इटालियन फ्रान्सिस्कन साधू १३२० च्या दशकात इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. पंधरा! आमच्या हजेरीच्या वहीत याहून फार जास्त नाहीत. त्यातल्या एका घरी १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन पाहुणे म्हणून उतरले होते. यजमान नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, साक्षीला या पाहुण्यांना बोलावलं, तिथे धर्माचा वाद पेटला आणि चौघेही मारले गेले. हुतात्मे म्हणून त्यांची नावं राहिली, पण मला त्या पंधरा घरांचं कुतूहल जास्त. ती शेजाऱ्यांत कशी राहत असतील, पाणी कुठे भरत असतील, याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. याउलट सेंट जेम्स चर्च. बिशप हेबरने १८२५ मध्ये ठाण्यात येऊन त्याचं समर्पण केलं. इंग्रज साहेबांचं चर्च, त्यांना गावाकडून काही मागायची गरजच नव्हती. इमारत देखणी आहे, बघून ये.

आता मातीची गोष्ट सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या स्त्री मंडळीतल्या एक बाई गेल्या. एकट्याच, मुलगा आखातात. राहायला जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर. गुरुवारची दुपार, आपले पुरुष सगळे कामावर, आले ते चार, त्यातले दोघे सत्तरीचे. शवपेटी वर नेली, पण भरल्यावर जिन्याच्या वळणावर ती वळेना. पाळकसाहेब घामाघूम. तेवढ्यात शेजारच्या खोलीतले गृहस्थ बाहेर आले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, आमचं गोदरेजचं कपाट इथूनच उतरवलंय, डोक्याकडची बाजू आधी कठड्यावरून बाहेर काढा. चाळीतली सहा-सात माणसं पुढे झाली. कठड्यावरून पेटी तिरकी बाहेर काढली, खालून दोघांनी झेलली, वरून एकाने दोर धरला, आणि बाई एकही धक्का न लागता खाली आल्या. मग त्यांच्यातल्या एकाने हळूच विचारलं, "आम्ही मातीला आलो तर चालेल ना?"

आले. दफनभूमीत मूठमूठ माती त्यांनीही घातली. परत आलो तर चाळीतल्या बायकांनी पिठलं-भात करून ठेवला होता. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, आणि त्या बाईंचं घर म्हणजे त्या दिवशी आम्हीच होतो. आम्ही व्हरांड्यात ओळीने बसून जेवलो. त्या चाळीत आम्ही पूर्वी दोनदा पत्रकं वाटली होती, सुवार्तेच्या सभेचं आमंत्रण दिलं होतं, कुणी आलं नव्हतं. त्या पिठल्यानंतर तिथली दारं आम्हाला उघडी झाली. कुणी बाप्तिस्मा घेतला का, हे तुझं पंच मंडळ विचारेल. नाही घेतला.

या मोजणीबद्दलही तुला सांभाळून राहायला हवं. आमच्या शेवटच्या बाकावर काही माणसं वर्षानुवर्षं येतात, प्रभुभोजनाच्या वेळी शांत बसून राहतात, वहीत नाव घालू देत नाहीत. नव्या उत्साही माणसाला ती कच्ची वाटतात, पण नाव न घालण्याचं कारण वेगळं असतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती झालेल्याला अजून नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा प्रश्न असतो. तू त्यांना पुढे येऊन साक्ष द्यायला सांगू नकोस. सतरंज्या गोळा करायला सांग, त्या कामात ती नेहमी पुढे असतात.

ब्लँकेटांचंही सांगून टाकते. मागच्या थंडीत (ठाण्यात थंडी ती काय!) आमच्या तरुण संघाने खोपटच्या एसटी डेपोवर ब्लँकेटं वाटली. बॅनर, मोबाईल, सगळा थाट. गावाकडून पेशंटला घेऊन आलेली एक बाई बोचक्यांना टेकून पहाटेच्या गाडीची वाट बघत होती. पोरांनी ब्लँकेट दिलं, फोटो काढायला लागले, तसा तिने पदर तोंडावर ओढला. तो फोटो वार्षिक अहवालात छापला गेला. मी तिच्याशेजारी थोडा वेळ बसले, तेव्हा कळलं की बाईला संध्याकाळपासून बाथरूमला जायचं होतं आणि सामानापाशी थांबायला कुणी नव्हतं.

तेव्हा तुझा आराखडा फाडू नकोस, पण क्रम बदल. क्रिकेटचे सामने तू भरवू नकोस, वस्तीतली पोरं भरवतात त्यात आपल्या तरुण संघाची एक टीम घेता का, असं विचारायला जा. हरली तर उत्तमच. दप्तरांचं बजेट अर्धं कर आणि वस्तीतल्या शाळेच्या बाईंना विचार की आपली रविवारच्या शाळेची पोरं मराठी वाचायला शिकतील का. इंग्रजी माध्यमातली आपली मुलं पवित्र शास्त्र मोबाईलवर रोमन अक्षरांत वाचतात, तुझ्याकडेही तेच असणार. त्यांना शिकवायला बाहेरची बाई आली तर बिघडलं काय? आरोग्य शिबिर जरूर घे, पण रक्तदाब-साखर सगळेच तपासतात. तूच लिहिलंस की वस्तीतल्या बायका घरी फॉल-बिडिंग करतात. मग डोळ्यांचं घे. नावनोंदणी तिथल्या बचत गटाला करू दे, जागाही त्यांनाच सुचवू दे, आणि चहा त्यांनी दिला तर पैसे काढू नकोस. बॅनरवर मंडळीचं नाव शेवटी आणि बारीक.

पंच मंडळातले काही जण रागावतील. म्हणतील, आपण लोकांच्या दारी हात पसरायचा का? त्यांना रागावू दे. पण त्यांच्यातल्या सगळ्यात रागीट माणसालाच बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे पाठव, बरोबर कुणी देऊ नकोस.

ताईला सांग, गुडघ्याला शेक दिवसातून दोनदाच घ्यायचा, चारदा नाही. करंज्यांचं सारण मी करून ठेवतेय, तिला म्हणावं लाटायचे कष्ट घेऊ नकोस. तू नाताळ उरकला की ये, पण आठवड्यातला वार बघ. रविवारी तूही अडकलेला असतोस आणि गाड्याही.

तुझी,
मावशी